शिणाची कैफियत

लेखांक सहावा

मुदतीचा ताप उतरल्यावर रुग्णाने अंथरूण केव्हा सोडावे आणि खाण्यापिण्याचे पथ्य किती दिवस पाळावे, याचा विचार गेल्या लेखांकात झाला. ताप जातो, भूक परत येते, घरची माणसे निर्धास्त होतात, आणि तरीही दोन-दोन, तीन-तीन महिने अंगातला शीण काही केल्या हटत नाही, अशी तक्रार सांगणारी माणसे आपल्या आसपास पुष्कळ असतात. आणि त्यांना बहुधा एकच उत्तर मिळते, की आजारपण झाले, वर कामाचा ताण पडला, तेव्हा थकवा यायचाच. हे उत्तर ममतेने दिलेले असते आणि पुष्कळदा ते खरेही ठरते. परंतु ते दिले की शोध तिथेच थांबतो, आणि आजारपणाच्या कितीतरी आधीपासून शरीरात मुक्काम ठोकून असलेले एखादे कारण त्या आजारपणाच्या खाती बिनबोभाट जमा होऊन जाते. माझ्या बाबतीत नेमके हेच घडले, म्हणून ती हकीकत जरा तपशिलाने सांगतो.

फेब्रुवारीच्या आरंभी मला विषमज्वर झाला. तीन आठवड्यांची रजा मंजूर असतानाही मार्चअखेरचा ताळेबंद सारखा डोळ्यांपुढे येत असल्यामुळे मी सोळाव्या दिवशीच कचेरीत रुजू झालो, आणि पुढचा सारा महिना रात्री दहा-साडेदहापर्यंत हिशेबात मान घालून बसलो. एप्रिल उजाडला, काम आटोपले; पण कचेरीच्या जिन्याचा दुसरा टप्पा चढताना कठड्याचा आधार घेतल्यावाचून पाऊल उचलेनासे झाले होते, आणि रविवारी नऊ तास झोपून उठलो तरी झोप झाल्याची खूण अंगाला कुठेच सापडत नव्हती. औषधांच्या दुकानातून रक्त वाढविणारे म्हणून मिळालेले टॉनिक महिनाभर घेतले आणि मग रक्त तपासून घेतले. हिमोग्लोबिन १३.१ ग्रॅम निघाले. प्रौढ पुरुषासाठी किमान मर्यादा १३ मानतात, म्हणजे काठावर का होईना मी मर्यादेच्या आत होतो. रिपोर्ट नॉर्मल आहे, असा निर्वाळा मिळाला, आणि तो हाती घेऊन मी पुन्हा तोच जिना कठडा धरून चढू लागलो.

अखेर ज्या वयोवृद्ध डॉक्टरांकडे मी गेलो त्यांनी कागद बाजूला ठेवले आणि आधी मला मनसोक्त बोलू दिले. ‘थकवा’ हा शब्द मात्र त्यांनी जसाच्या तसा स्वीकारला नाही. “डोळे मिटतात, की पाय उचलत नाहीत? दम लागतो, की मनच घेत नाही?” असे त्यांनी विचारले, आणि या साध्या प्रश्नांत निदानाची निम्मी वाट चालून होते हे मला पुढे उमगले. दिवसा डोळे मिटत असतील तर रात्री घोरताना श्वास अडकतो काय, याची चौकशी घरच्यांकडे करावी लागते. दम लागत असेल तर रक्त, हृदय आणि फुप्फुसे यांच्याकडे वळावे लागते. पाय जड होत असतील तर स्नायू, मज्जातंतू, थायरॉइड आणि रक्तातील साखर पाहावी लागते. आणि एरवीच्या आवडीच्या गोष्टींवरूनही मन उडाले असेल तर ते नैराश्य असू शकते, जो इतर कोणत्याही आजाराइतकाच खरा आजार आहे आणि ज्यावर उपचार आहेत.

मग त्यांनी विचारले, “ताप यायच्या आधी, गेल्या दिवाळीत प्रकृती कशी होती?” हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता आणि मीही स्वतःला विचारला नव्हता. आठवू लागलो तेव्हा ध्यानात आले, की दिवाळीच्या सुमारासच तळपायांना मुंग्या येत होत्या, आणि चप्पल लागत असेल अशा समजुतीने मी नवी चप्पल घेतली होती. आम्लपित्तावरची गोळी चार वर्षे रोज सकाळी चालू होती. घराणे शाकाहारी, दूध पचत नाही म्हणून तेही सुटलेले, ताक क्वचितच. हे ऐकल्यावर डॉक्टरांनी खणातून नादकाटा काढला, तळहाताच्या कडेवर आपटला आणि त्याची दांडी माझ्या पायाच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवली. मला धातूचा गारवा कळला, बाकी काहीच नाही. त्यांनी पुन्हा आपटून तोच काटा मनगटावर ठेवला, तेव्हा साऱ्या हाडातून झिणझिण गेली. अंगठ्यावरही इतकाच कंप होत होता आणि तो मला कळला नव्हता, हे समजले तेव्हा मी काही वेळ नुसता त्या अंगठ्याकडे पाहत राहिलो. दोन दिवसांनी बी-१२ जीवनसत्त्वाचा अहवाल आला : ११८ पिकोग्रॅम. सामान्यतः २०० च्या खाली कमतरता धरतात.

हे जीवनसत्त्व वनस्पतिज अन्नात नसते. आपल्याकडच्या शाकाहारी माणसाची त्याबाबतची सारी भिस्त दुधादह्यावर. अन्नातील प्रथिनाला चिकटलेले बी-१२ मोकळे व्हायला जठरातले आम्ल लागते, म्हणून ते आम्ल दाबणारी गोळी वर्षानुवर्षे चालू राहिली तर त्याचे शोषण मंदावू शकते. मधुमेहावरील मेटफॉर्मिनचाही असाच परिणाम होतो. यकृतात काही वर्षे पुरेल इतकी शिल्लक असते, त्यामुळे तूट ताबडतोब दिसत नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या दीर्घ अभ्यासातून ही उणीव आपल्याकडे किती सर्रास आढळते ते पुढे आले आहे. माझी शिल्लक तापाने संपविली नव्हती; ती आधीच संपत आली होती.

मग हिमोग्लोबिन ठीक कसे? डॉक्टरांच्या मते याचे उत्तर त्या टॉनिकात होते. त्यात फॉलिक आम्ल होते, आणि या द्रव्याच्या शोधाचा आरंभ आपल्या मुंबईत झालेला आहे. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांना जडणाऱ्या तीव्र रक्तक्षयाचे कारण शोधण्यासाठी डॉ. लुसी विल्स १९२८ साली येथे आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत त्यांनी काम केले. जंतुसंसर्गाने हे होत असावे काय, हे त्यांनी पाहिले, आणि ते सिद्ध होईना तेव्हा त्या बायका रोज खातात काय, याची चौकशी आरंभली. मार्माइट नावाचा यीस्टचा अर्क दिल्यावर रुग्ण स्त्रियांचे रक्त भराभर सुधारू लागले. हा वृत्तान्त १९३१ साली प्रसिद्ध झाला, आणि त्या अर्कातील गुणकारी द्रव्य म्हणजेच पुढे १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून मिळविले गेलेले फॉलिक आम्ल. बी-१२ हाती आले ते १९४८ साली. ही दोन द्रव्ये रक्तनिर्मितीत एकमेकांची जोडीदार आहेत, आणि घोटाळा होतो तो येथेच : बी-१२ ची उणीव असताना नुसते फॉलिक आम्ल दिले तर रक्त सुधारते, मज्जातंतूंची हानी मात्र आतल्या आत चालूच राहते. रक्ताच्या कागदावर मी बरा दिसत होतो आणि पाय बधिर होत होते.

तथापि, सारा दोष बी-१२ च्या माथी मारण्यास डॉक्टर राजी नव्हते. त्यांनी मला दोन आठवडे एक वही ठेवायला लावली : झोपेचे तास, संध्याकाळी पाचचे तापमान, दिवसभराचे काम, आणि ‘दुसऱ्या दिवशी’ असा एक वेगळा रकाना. झोपेची बेरीज कामाच्या दिवशी साडेपाच तासांवर जात नव्हती, ही गोष्ट मी स्वतःच्या हाताने लिहीपर्यंत मला ठाऊक नव्हती. तापमानाची नोंद क्षयाच्या संशयापायी. संध्याकाळची कणकण, घटते वजन किंवा दोन आठवड्यांहून जुना खोकला असेल तर थुंकी तपासण्यात एक दिवसाचीही दिरंगाई करू नये.

शेवटच्या रकान्याविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे. विषाणूजन्य तापानंतर, अलीकडे कोविडनंतर विशेषेकरून, काही माणसांची अशी अवस्था होते, की थोडे चालणे किंवा तासभर डोके चालविणे झाले की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती अंथरुणाला खिळतात, आणि सामान्य तपासण्यांत काही निघत नाही. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५ साली श्रमानंतरचा हा ऱ्हास त्या व्याधीचे मुख्य लक्षण म्हणून मान्य केला, आणि इंग्लंडमधील नाइस या संस्थेने २०२१ मध्ये अशा रुग्णांना ठरावीक प्रमाणात वाढता व्यायाम देण्याची जुनी शिफारस मागे घेतली. या लोकांना ‘जरा हिंडाफिरा, बरे वाटेल’ असे सांगणे म्हणजे त्यांची प्रकृती बिघडविणे आहे. आपली शक्ती ओळखून ती न ओलांडता दिवस आखणे, हाच त्यांचा आधार. माझ्या वहीत तो रकाना कोराच राहिला. या एका बाबतीत मी भाग्यवान ठरलो.

आम्लपित्ताची गोळी डॉक्टरांनी हळूहळू बंद केली, बी-१२ ची इंजेक्शने सुरू झाली, आणि मी रात्री साडेदहाला दिवा मालवू लागलो. सहाव्या आठवड्यात जिन्याच्या दुसऱ्या टप्प्यावर हात कठड्यावर नाही, असे माझे मलाच दिसले. दसऱ्याच्या सुमारास डॉक्टरांनी नादकाटा पुन्हा लावला : घोट्यापर्यंत कंप आता स्पष्ट कळतो, अंगठ्यात अजून नाही. मज्जातंतूंना आणखी महिने लागतील, असे त्यांनी सांगितले आणि पुढची तारीख वहीत लिहून दिली.

थायरॉइडचा विषय आज ओझरता आला. तो पुढील आठवड्यात घेऊ.