तिथि, भरती आणि खांदेरीचा संग्राम

दर्यावरील हालचालींचीं जुनीं पत्रें वाचतांना तिथीचा उपयोग आपण बहुधा इंग्रजी तारीख काढण्यापुरताच करतों. परंतु कोणत्या दिवशीं व कोणत्या प्रहरीं गलबत खाडींतून बाहेर काढावें, हें तांडेल तिथीवरूनच ठरवीत असे. पंचांग भटजींपेक्षां त्यासच अधिक उपयोगीं पडलें असावें.

रीत सोपी आहे. चंद्र प्रत्यहीं सुमारें २ घटिका उशिरानें माथ्यावर येतो व भरतीही तितकीच पुढें सरकते. मुंबईच्या आसपास अमावास्येस व पौर्णिमेस पूर्ण भरती मध्यान्हाच्या व मध्यरात्रीच्या सुमारास असते. म्हणून पक्षांतील तिथीची दुप्पट केली म्हणजे मध्यान्हानंतर अथवा मध्यरात्रीनंतर तितक्या घटिकांनीं भरती पुरी होते. तासांच्या हिशेबानें हेंच 'तिथीच्या पाऊणपट' होय. या गणितांत तासाभराची चूक संभवते. शिवाय भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत असल्यामुळें गोव्यास ती मुंबईच्या आधीं लागते.

वेळेइतकेंच महत्त्व पाण्याच्या उंचीस आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या पाठोपाठ उधाण येतें, अष्टमीच्या पाठोपाठ भांग. मोठ्या उधाणांत मुंबईस भरती-ओहोटींतील अंतर सुमारें ५ मीटर भरतें. गोव्यास तें २ मीटरांच्या आसपासच असतें. खाडीच्या मुखाशीं वाळू सांचलेली असली म्हणजे खोल तळाच्या जहाजास उधाणाची वाट पाहावी लागते, उथळ गलबत भांगांतही निघून जातें. पावसाळा सरल्यावर पहांटे जमिनीकडून मतलई वारा वाहतो. चतुर्थी ते सप्तमी या तिथींस त्याच वेळीं ओहोटीही लागलेली असते. खाडींतून बाहेर पडण्यास याहून सोयीचा काळ नाहीं.

आतां खांदेरीचें उदाहरण घेऊं. १८ ऑक्टोबर १६७९ रोजीं पहांटे दौलतखानाच्या आरमारानें इंग्रजांवर एकाएकीं चाल केली. 'डोव्ह' हें गुराब मराठ्यांच्या हातीं लागलें. 'रिव्हेंज' मात्र टिकून राहिलें व त्यानें उलट पाठलाग केला. सुमारें ५० गलबतें उथळ पाण्याच्या आश्रयानें नागोठण्याच्या खाडीकडे निसटलीं.

ही तारीख इंग्रजांच्या जुन्या गणनेची आहे. त्यांच्या देशांत नवी गणना १७५२ पर्यंत आली नव्हती. तींत १० दिवस मिळविल्यास २८ ऑक्टोबर येतो. पुढील अमावास्या त्यानंतर सुमारें ६ दिवसांनीं पडते. म्हणजे ही तिथि आश्विन वद्य अष्टमी-नवमीच्या जवळची. पाणी भांगाचें, आणि भरती सूर्योदयाच्या आगेंमागें पुरी होणारी. हे १० दिवस विसरून कोणी १८ तारीखच नव्या गणनेची धरली, तर शुद्ध चतुर्दशीच्या सुमाराची तिथि निघते. पाणी उधाणाचें होतें आणि पहांटे भरतीऐवजीं ओहोटी पडते. एका दुर्लक्षानें लढाईचा सारा देखावा उलटा होतो.

खरी तिथि धरल्यास असें अनुमान निघतें कीं, मराठ्यांचीं गलबतें भरल्या पाण्यावर चालून आलीं व माघार घेतली तेव्हां ओहोटी लागली होती. भांगांत पाणी फारसें उतरत नाहीं. उथळ गलबतांस तें पुरलें. 'रिव्हेंज'च्या तळाखालचें पाणी मात्र घटकेगणिक कमी होत होतें, आणि तें ज्या खाडीकडे वळलें होतें तिच्या मुखाशीं अडकल्यास पुढील भरतीपर्यंत सुटका नव्हती. पाठलाग उथळ पाण्याशीं थांबला याचें कारण इंग्रजांच्या धैर्यांत वा भयांत शोधण्याचें प्रयोजन उरत नाहीं.