पिशवीत राहिलेली बाटली

आमच्या साताऱ्याच्या शेजारच्या वहिनी दिवाळीला माहेरी, सांगलीला गेल्या होत्या. परत आल्या त्या तोंड लपवूनच. चार दिवसांनी माझ्याकडे पोळ्या लाटता लाटता रडूच फुटलं, तेव्हा कळलं. (त्यांना विचारूनच लिहिते आहे, नाव सोडून.)

आपणच वस्तू उचलून टोपलीत टाकायच्या, अशा दुकानात १,१०० रुपयांचं सामान घेतलं, बिल दिलं. दारात मात्र खांद्यावरच्या पिशवीतून २१० रुपयांची तेलाची बाटली निघाली! बाटली हातात असतानाच सासूबाईंचा फोन आला, बोलता बोलता ती पिशवीत गेली. दुकानातल्या माणसांनी आतल्या खोलीत बसवलं. 'चोरी केली असं लिहून द्या, ५,००० भरा.' वहिनींनी सही केली नाही. शहाणपण म्हणाल तर तेही नाही, चष्मा घरी राहिला होता! मग पोलिसांत तक्रार.

"कबूल करते नि मोकळी होते. ह्यांना कळायला नको," असा त्यांचा धोशा. मी त्यांना सांगलीच्या वकीलबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, "अहो, कबूल केलंत की मोकळ्या नाही, दोषी ठरता."

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम ३०३ प्रमाणे चोरीला बेइमानीचा हेतू लागतो. विसरणं म्हणजे चोरी नव्हे. साध्या चोरीत वस्तू ५,००० रुपयांच्या आतली असेल तर पोलिसांना वॉरंटाशिवाय अटक करता येत नाही. पहिल्यांदाच दोषी ठरलेल्यानं वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची. पण तोही डागच ना?

म्हणून वकीलबाईंनी आधी बिल मागितलं, फोनवरची सासूबाईंच्या कॉलची वेळ टिपली आणि दुकानाला पत्र धाडलं: कॅमेऱ्यातलं चित्रण पुसू नका. ते थोड्याच दिवसांत पुसलं जातं, हे आपल्याला कुठं ठाऊक! चित्रणात वहिनी कानाला फोन लावून, कुणाकडे न बघता बाटली पिशवीत टाकताना दिसल्या. मालकानं तक्रार सोडून दिली.

वकिलाची फी परवडत नसेल तर बायकांना, मिळकत कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो. फोन १५१००.

वहिनी मात्र अजून पोवई नाक्यावरच्या दुकानातसुद्धा खांद्यावरची पिशवी माझ्याकडे देतात, मगच आत जातात.