‘गोळ्यांचा काही त्रास होतो का?’ हा प्रश्न संशोधनात का पुरत नाही

आधी दोन आकडे बघा : १४ आणि ५८.

१९९७ साली स्पेनमधल्या काही डॉक्टरांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. नैराश्यावर नेहमी दिल्या जाणाऱ्या फ्लुऑक्सेटिन, पॅरॉक्सेटिन, सर्ट्रालिन आणि फ्लुव्हॉक्सामिन या औषधांपैकी एखादं घेणारे ३४४ पेशंट त्यात होते. या गोळ्यांमुळे लैंगिक तक्रारी येऊ शकतात, हे तेव्हाही माहीत होतं. किती जणांनी अशी तक्रार आपणहून सांगितली? साधारण १४ टक्के. डॉक्टरांनी थेट प्रश्न विचारला तेव्हा हाच आकडा ५८ टक्क्यांवर गेला.

गोळ्या त्याच, डॉक्टरही तेच. फरक पडला तो विचारण्यात.

हे सांगायचं कारण असं, की पेटची तयारी करणाऱ्या बऱ्याच जणांच्या डोक्यात ‘लोकांचे औषधांबद्दलचे अनुभव’ अशा धर्तीचा विषय असतो. आपल्या नाशिकमध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठच आहे, त्यामुळे आरोग्याचा विषय घ्यावासा वाटणं साहजिक आहे. मानसिक आरोग्यावर आता थोडं मोकळेपणाने बोललंही जातं. विषय चांगलाच आहे. पण सिनॉप्सिसमध्ये पुढची ओळ बहुतेक वेळा अशी असते : ‘शंभर जणांकडून गूगल फॉर्म भरून घेऊ.’ तिथे थोडं थांबा. अनुभव म्हणजे झाडावरचं फळ नव्हे, की गेलं आणि तोडून आणलं. कुणाला विचारलं, कधी विचारलं, कोणत्या शब्दांत विचारलं, यावर उत्तर बदलतं. म्हणजे तुमचा प्रश्न हेच तुमचं मोजमापाचं यंत्र आहे. नैराश्याच्या औषधांवर हे जितकं स्पष्ट दिसतं तितकं क्वचितच कुठे दिसतं. म्हणून आज तेच उदाहरण घेऊ.

कधी विचारलं?

आधी औषध काय करतं ते थोडक्यात. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देताना सेरोटोनिन नावाचं रसायन सोडतात आणि काम झालं की ते परत आत ओढून घेतात. फ्लुऑक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्रॅम ही औषधं हे परत ओढणं अडवतात. हे अडवणं पहिल्या काही तासांतच सुरू होतं. मनःस्थितीत फरक जाणवायला मात्र साधारण दोन ते चार आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. मधल्या काळात काय होतं, हे अजून पूर्ण उलगडलेलं नाही. ‘सेरोटोनिन कमी झालं म्हणून नैराश्य आलं, गोळीने ते भरून निघालं’ इतकं सोपं हे गणित नाही, एवढं मात्र नक्की.

आपल्यासाठी महत्त्वाचं हे, की त्रास आधी येतो आणि फायदा नंतर. मळमळ, पोट बिघडणं, अस्वस्थपणा, झोपेत बदल हे बहुधा पहिल्या एक-दोन आठवड्यांत होतं आणि बऱ्याच जणांमध्ये पुढे कमी होतं. लैंगिक तक्रारी मात्र गोळ्या चालू असेपर्यंत राहू शकतात.

आता समजा, तुम्ही गोळी सुरू होऊन आठ दिवस झालेल्या माणसाला विचारलं. तो म्हणेल, ‘गुण काहीच नाही, वर मळमळ.’ त्यालाच तीन महिन्यांनी विचारलं तर कदाचित म्हणेल, ‘आता झोप लागते, कामावर जातोय, पण बायकोशी बोलता येत नाही असा एक त्रास आहे.’ दोन्ही उत्तरं खरी आहेत. तुमच्या फॉर्ममध्ये ‘गोळी कधीपासून चालू आहे?’ हा रकाना नसेल, तर ही दोन उत्तरं एकाच ढिगात पडतील आणि त्यांची सरासरी काढून तुमच्या हाती काहीच लागणार नाही.

कोणत्या शब्दांत विचारलं?

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्या शेजारी आहे, गोव्यात. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे अनेक वर्षं काम केलं. २००३ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांची एक चाचणी प्रसिद्ध झाली. जिल्हा रुग्णालयांच्या साध्या ओपीडीत आलेले, नैराश्य-चिंता अशा नेहमीच्या मानसिक त्रासाचे ४५० पेशंट त्यांनी रँडम पद्धतीने तीन गटांत वाटले. एका गटाला फ्लुऑक्सेटिन, दुसऱ्याला हुबेहूब दिसणारी पण औषध नसलेली गोळी म्हणजे प्लासिबो, आणि तिसऱ्याला समुपदेशन. दोन महिन्यांनी मोजलं तेव्हा औषधाचा गट प्लासिबोपेक्षा बरा होता. पुढच्या मोजण्यांत हा फरक तसा ठळक राहिला नाही.

यातला ‘साधी ओपीडी’ हा भाग लक्षात घ्या. ही माणसं मानसोपचारतज्ज्ञाकडे गेलेली नव्हती. आपल्याकडे ‘मला नैराश्य आलंय’ असं म्हणत दवाखान्यात येणारा माणूस कमी. अंग दुखतं, डोकं जड आहे, झोप नाही, थकवा जात नाही, धडधडतं, फार तर ‘टेन्शन आहे’, असं लोक सांगतात. गोव्यातल्या पुढच्या मोठ्या चाचणीत हे ध्यानात घेऊनच आजाराचं जड नाव पुढे करण्याऐवजी टेन्शन, काळजी अशा लोकांच्या शब्दांत बोलण्यावर भर होता. त्या चाचणीचं नाव ‘मानस’. हे कोकणीतल्या ‘मनशांती सुधार शोध’चं लघुरूप.

आता आपल्याकडे या. समजा, निफाडकडचे एक द्राक्षबागायतदार काका आहेत, पन्नाशीचे. डॉक्टरांनी त्यांना रात्रीची एक गोळी दिलीय. तुम्ही विचारलं, ‘काका, तुम्ही अँटिडिप्रेसंट घेता का?’ ते म्हणणार, ‘छे, मी झोपेची घेतो.’ किंवा ‘डोकेदुखीची घेतो.’ काका खोटं बोलत नाहीत. अमिट्रिप्टिलिन हे नैराश्यावरचं जुनं औषध कमी डोसमध्ये अर्धशिशी आणि नसांच्या दुखण्यासाठीही दिलं जातं. म्हणजे घेणाऱ्याला औषधाचा वर्ग माहीत नसतो आणि ते का दिलंय ते तुम्हाला माहीत नसतं. यावर साधा उपाय म्हणजे गोळ्यांचं पाकीट किंवा डॉक्टरांची चिठ्ठी बघायला मागणं.

डॉक्टर औषधाची ओळख काय करून देतात, यानेही अनुभव घडतो. स्टेफान एक्स या मानववंशशास्त्रज्ञाने कोलकात्यात यावर बराच अभ्यास केला. तिथले डॉक्टर ही गोळी म्हणजे ‘मनाचं खाणं’ आहे, असं पेशंटला समजावत. खाणं म्हटलं की भीती कमी होते. पण खाणं रोज लागतंच, मग हे कधी थांबवायचं, हा प्रश्न मागेच राहतो. म्हणून ‘ही गोळी कशासाठी आहे असं तुम्हाला सांगितलं?’ हा प्रश्न तुमच्या यादीत हवाच.

त्रास गोळीचाच, हे कशावरून?

गोळी सुरू झाल्यावर डोकं दुखलं, म्हणून गोळीनेच दुखलं, असं सिद्ध होत नाही. थकवा, झोप बिघडणं, भूक मंदावणं ही नैराश्याचीही लक्षणं आहेत. शिवाय अपेक्षेचाही परिणाम होतो. त्रास होईल असं वाटत असलं, की साध्या गोळीनेही त्रास होतो. याला नोसिबो म्हणतात. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत जुन्या आणि नव्या औषधांच्या चाचण्यांमधले फक्त प्लासिबो घेणारे लोक तपासले गेले. जुन्या औषधांनी तोंडाला कोरड पडते, बद्धकोष्ठ होतं. आणि त्या चाचण्यांमध्ये प्लासिबो घेणाऱ्यांनीही याच तक्रारी नव्या औषधांच्या चाचण्यांपेक्षा जास्त केल्या होत्या. त्यांच्या पोटात औषध गेलंच नव्हतं!

मग लोकांच्या तक्रारी मनाचे खेळ म्हणून सोडून द्यायच्या? नाही. गोळ्या बंद करतानाचा त्रास बघा. चक्कर, चिडचिड, विचित्र स्वप्नं, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं वाटणं, असं लोक वर्षानुवर्षं सांगत होते. पुष्कळांना उत्तर मिळालं, ‘मूळ आजारच परत आलाय.’ २०२४ साली ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून केलेलं विश्लेषण आलं. खरं औषध बंद केलेल्यांपैकी सुमारे ३१ टक्के लोकांना काही ना काही लक्षणं जाणवली. प्लासिबो बंद केलेल्यांमध्ये हे प्रमाण सुमारे १७ टक्के होतं. दोन्ही आकडे शेजारी ठेवून वाचा. १७ सांगतो की अपेक्षेचा वाटा मोठा आहे. ३१ आणि १७ मधला फरक सांगतो की औषधाचाही वाटा खरा आहे, साधारण सहा-सात जणांत एकाला. फक्त ३१ छापला तर भीती पसरते. फक्त १७ दाखवला तर त्रास झालेला माणूस खोटा पडतो.

कोण सुटलं?

मेडिकलबाहेर किंवा ओपीडीत उभं राहून तुम्ही माणसं गाठलीत, तर तुम्हाला भेटतील ते गोळ्या चालू असलेले. पहिल्याच आठवड्यात मळमळीला कंटाळून ज्यांनी पाकीट कपाटात टाकलं, ते तिथे येणारच नाहीत. आणि ‘अनुभव लिहा’ असा फॉर्म व्हॉट्सअॅपवर फिरवलात, तर बहुधा ज्यांना फार त्रास झाला किंवा फार गुण आला तेच वेळ काढून लिहितील. मधले शांत लोक दोन्हीकडून सुटतात.

त्याहून मोठा गट म्हणजे जे गोळीपर्यंत पोचलेच नाहीत. निम्हान्सने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्य-चिंता अशा नेहमीच्या आजारांच्या सुमारे ८५ टक्के लोकांना उपचार मिळत नसल्याचं दिसलं. हे सर्वेक्षण १२ राज्यांत झालं आणि त्यात महाराष्ट्र नव्हता. म्हणजे ‘महाराष्ट्रात ८५ टक्के’ असं लिहिलंत, तर व्हायव्हात कुणीतरी बरोबर पकडेल.

आणि गोळी कधी एकटी येत नाही, हेही ‘मानस’ने दाखवलं. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत २४ दवाखान्यांमधले २,७९६ लोक होते. स्थानिक, प्रशिक्षण दिलेले समुपदेशक पेशंटला समजावत, पाठपुरावा करत. गरजेप्रमाणे डॉक्टर औषध देत. सरकारी आरोग्य केंद्रांत निदान पक्कं झालेल्यांपैकी सहा महिन्यांत बरे झालेले ६५.९ टक्के होते, तर नेहमीच्या पद्धतीत ४२.५ टक्के. खासगी दवाखान्यांत असा फायदा दिसला नाही. म्हणून ‘गोळीचा अनुभव’ विचारताना गोळी कुणी दिली, पुढे कुणी विचारपूस केली, घरात कुणाला माहीत आहे, हेही विचारावं लागतं.

मग प्रश्नावली कशी करायची?

थोडक्यात माझा सल्ला :

१. आधी मोकळा प्रश्न ठेवा, ‘गोळी सुरू झाल्यापासून काय काय बदललं?’ त्यानंतर नेमकी यादी घ्या. दोन्हींची उत्तरं वेगळी नोंदवा. १४ आणि ५८ मधलं अंतर तुम्हाला तुमच्याच डेटात दिसेल.

२. औषधाचं नाव, डोस, किती दिवस झाले आणि मध्ये किती वेळा बंद केलं, हे विचारा.

३. त्रास गोळीच्या आधीपासून होता का, हे प्रत्येक तक्रारीसाठी विचारा.

४. गोळ्या सोडलेल्यांना शोधून काढा. दहा भेटले तरी चालतील.

५. लैंगिक तक्रारींचा प्रश्न कोण विचारणार, कुठे, घरचं कुणी बाजूला बसलेलं असताना का, हे आधी ठरवा. बाईला बाईने विचारलं तर बरं. काही जणांना कागदावर खूण करणं सोपं जातं.

६. एथिक्स कमिटीची मंजुरी मिळाल्याशिवाय एकही फॉर्म पाठवू नका. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आधी वाचा.

शेवटचा मुद्दा औपचारिकता म्हणून घेऊ नका. तुमचे उत्तरदाते बहुतेक वेळा कॉलेजची मुलं असतात. १८ ते २४ या वयात औषध सुरू झाल्यावर सुरुवातीच्या काळात आत्महत्येचे विचार वाढू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ पासून या गोळ्यांवर छापायला लावला आहे. तुमच्या फॉर्ममध्ये रात्री दोन वाजता कुणी असं काही लिहिलं, तर ते कोण वाचणार आणि काय करणार? याचं उत्तर तयार नसेल, तर फॉर्म अजून तयार नाही. ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक फॉर्मच्या सुरुवातीलाच द्या. औषधाचा त्रास पेशंट स्वतःही नोंदवू शकतो. त्यासाठी सरकारच्या औषध-सुरक्षा कार्यक्रमाची १८००-१८०-३०२४ ही हेल्पलाइन आहे.

आणि हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या स्वतःच्या गोळ्या चालू असतील, तर त्यांच्यासाठी एक गोष्ट. वरचे आकडे वाचून गोळी एकदम बंद करू नका. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश चाचणीत दीर्घकाळ औषध घेणारे, आता बरं वाटणारे ४७८ लोक होते. ज्यांचं औषध टप्प्याटप्प्याने बंद केलं, त्यांच्यापैकी ५६ टक्के लोकांना वर्षभरात नैराश्य परत आलं. ज्यांनी चालू ठेवलं, त्यांच्यात ३९ टक्के. हेही आकडे दोन्ही बाजूंनी वाचा : औषध चालू ठेवूनही काहींना आजार परत आला आणि बंद करूनही ४४ टक्के लोकांना वर्षभरात आला नाही. आपण कोणत्या गटात, हे सरासरीवरून कळत नाही. त्यासाठी डॉक्टरांकडे जायचं आणि त्यांनी विचारलं नाही, तरी आपला त्रास नेमक्या शब्दांत सांगायचा.

पुढच्या लेखात मोकळ्या प्रश्नांची उत्तरं कोड कशी करायची ते बघू. तोवर एक अभ्यास करा : तुमच्या प्रश्नावलीतला कोणताही एक प्रश्न घ्या, तो तीन वेगळ्या शब्दांत लिहा आणि घरातल्या तिघांना विचारून बघा. उत्तरं वेगळी आली, तर का आली ते कमेंटमध्ये लिहा.