‘कुंग फू फायटिंग’ ते ‘मेड इन इंडिया’: बिड्डू यांची सांगीतिक वाटचाल

गाणे लोकप्रिय झाले की श्रोत्यांच्या स्मरणात राहतो तो गायकाचा आवाज. हिंदी चित्रपटगीत असेल तर पडद्यावरील चेहराही लक्षात राहतो. मात्र ते गाणे ज्या स्वरूपात कानावर पडते ते स्वरूप ठरविणारी व्यक्ती बहुधा अज्ञात राहते. पाश्चात्त्य संगीतव्यवसायात या व्यक्तीस ‘रेकॉर्ड प्रोड्युसर’, म्हणजेच ध्वनिमुद्रिकेचा निर्माता, असे म्हणतात. बंगळूरमध्ये वाढलेले बिड्डू अप्पय्या यांनी लंडनमध्ये याच क्षेत्रात नाव मिळविले आणि पुढे हिंदी पॉप संगीतालाही वेगळे वळण दिले.

निर्मात्याचे काम

चित्रपटाचा निर्माता भांडवल उभे करतो. ध्वनिमुद्रिकेच्या निर्मात्याचे काम त्याहून वेगळे असून ते चित्रपट दिग्दर्शकाच्या कामाशी अधिक मिळतेजुळते आहे. गाणे कोणते घ्यावे, ते कोणी गावे, ताल किती जलद असावा, कोणती वाद्ये पुढे ठेवावीत आणि कोणती मागे, हे तो ठरवितो. गायक व वादक यांचे ध्वनी स्वतंत्र ट्रॅकवर नोंदवून नंतर त्यांचे मिश्रण करण्याची पद्धत रूढ झाल्यापासून या कामाचे महत्त्व वाढले. एकच आवाज दोनदा नोंदवून एकावर एक चढविणे किंवा त्यास प्रतिध्वनीची जोड देणे यामुळे शक्य झाले.

गाणे रचणारा आणि ध्वनिमुद्रिका घडविणारा एकच असतो असे नाही. बिड्डू यांच्या कारकिर्दीत दोन्ही प्रकार आढळतात. त्यांनी स्वतः गाणी रचली, तसेच इतरांनी रचलेल्या गाण्यांची निर्मितीही केली.

लंडनमधील यश

कूर्गमधील कोडवा समाजातील कुटुंबात जन्मलेल्या बिड्डू यांना पाश्चात्त्य पॉप संगीताची ओळख रेडिओ सिलोनमुळे झाली. तरुणपणी त्यांनी मित्रांसमवेत ‘ट्रोजन्स’ नावाचा वाद्यवृंद स्थापन केला. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात मध्यपूर्वेतील देशांतून वाट काढत ते इंग्लंडला पोहोचले. तेथे सुरुवातीस त्यांना उपजीविकेसाठी स्वयंपाकघरातही काम करावे लागले.

१९७४ साली त्यांनी जमैकात जन्मलेले गायक कार्ल डग्लस यांची एक ध्वनिमुद्रिका तयार करण्यास घेतली. तबकडीच्या मुख्य बाजूवर दुसरेच गाणे होते. मागील बाजू भरण्यासाठी डग्लस यांनी स्वतः लिहिलेले ‘कुंग फू फायटिंग’ हे गाणे निवडण्यात आले. स्टुडिओचा बहुतेक वेळ पहिल्या गाण्यावर खर्च झाल्याने हे गाणे अखेरच्या काही मिनिटांत घाईने ध्वनिमुद्रित करण्यात आले. ते ऐकल्यावर कंपनीने मात्र हेच गाणे मुख्य बाजूवर घेण्याचा निर्णय घेतला. आरंभी नभोवाणीवर त्यास फारसे स्थान मिळाले नाही. परंतु नृत्यगृहांतून त्याचा प्रसार झाला आणि त्याच वर्षी ते ब्रिटन व अमेरिका या दोन्ही देशांत लोकप्रियतेच्या यादीत प्रथम क्रमांकावर पोहोचले.

१९७६ साली टीना चार्ल्स यांनी गायिलेले ‘आय लव्ह टू लव्ह’ हे गाणे ब्रिटनमध्ये प्रथम क्रमांकावर गेले. हे गाणेही इतरांनी रचलेले होते, निर्मिती बिड्डू यांची होती. याच काळात त्यांनी स्वतःच्या नावाच्या वाद्यवृंदाद्वारे केवळ वाद्यसंगीताच्या ध्वनिमुद्रिकाही काढल्या. डिस्को संगीताचा ब्रिटनमध्ये पाया घालणाऱ्यांत त्यांची गणना होते.

‘कुर्बानी’ आणि नंतर

१९८० साली फिरोज खान यांचा ‘कुर्बानी’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. चित्रपटाचे संगीत कल्याणजी-आनंदजी यांचे होते. ‘आप जैसा कोई’ हे एक गाणे मात्र बिड्डू यांनी लंडनमध्ये तयार केले. ते गाण्यासाठी निवड झाली ती लंडनमध्ये राहणाऱ्या नाझिया हसन या पाकिस्तानी किशोरवयीन मुलीची.

त्या काळी हिंदी पार्श्वगायनात ठरावीक, कसलेल्या आवाजांचे वर्चस्व होते आणि गायक व मोठा वाद्यवृंद यांचे ध्वनिमुद्रण प्रायः एकत्रच होत असे. नाझिया यांचा आवाज अप्रशिक्षित व काहीसा अनुनासिक होता. बिड्डू यांनी तो लपविण्याचा प्रयत्न केला नाही. सुटसुटीत ठेका, ठळक बेस गिटार आणि आवाजाला दिलेली प्रतिध्वनीची जोड यांच्या साहाय्याने त्यांनी त्या आवाजाचेच वैशिष्ट्य बनविले. या गाण्यासाठी नाझिया यांना सर्वोत्कृष्ट पार्श्वगायिकेचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला.

या यशापाठोपाठ १९८१ साली नाझिया व त्यांचे बंधू झोहेब यांचा ‘डिस्को दीवाने’ हा अल्बम आला. त्याचा कोणत्याही चित्रपटाशी संबंध नव्हता. चित्रपटाच्या आधाराविना हिंदी गीते सर्वदूर विकली जाऊ शकतात, हे त्यामुळे सिद्ध झाले. नाझिया हसन यांचे १३ ऑगस्ट २००० रोजी लंडन येथे वयाच्या अवघ्या ३५व्या वर्षी कर्करोगाने निधन झाले.

‘मेड इन इंडिया’

१९९१नंतरच्या आर्थिक उदारीकरणाने देशात उपग्रह वाहिन्या आल्या. संगीतवाहिन्यांना दाखविण्यासाठी चित्रपटांपलीकडील गाणी हवी होती. १९९५ साली अलिशा चिनॉय यांनी गायिलेले आणि बिड्डू यांनी संगीतबद्ध केलेले ‘मेड इन इंडिया’ या वातावरणात विलक्षण गाजले. त्याच्या चित्रफितीमुळे मिलिंद सोमण हे नाव घरोघरी पोहोचले. हे गीत प्रथम नाझिया यांना देऊ करण्यात आले होते. परंतु ते गायिल्यास पाकिस्तानातील श्रोते दुखावतील, या विचाराने त्यांनी नकार दिला, असे सांगितले जाते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रालाही बिड्डू यांनी याच गीताचे नाव दिले.

श्रेयाचा प्रश्न

चित्रपटबाह्य पॉप संगीताचा हा बहर मात्र टिकला नाही. संगीतवाहिन्यांवर चित्रपटगीतांचे प्रमाण वाढत गेले आणि स्वतंत्र गायकांपैकी अनेकांनी पार्श्वगायनाची वाट धरली. २०१२ साली ‘डिस्को दीवाने’ हे गाणे ‘स्टुडंट ऑफ द इयर’ या चित्रपटात नव्या रूपात आले. चित्रपटांबाहेर उभे राहिलेले गाणे तीन दशकांनी चित्रपटातच दाखल झाले.

योगायोगाने त्याच वर्षी संसदेने स्वामित्वहक्क कायद्यात दुरुस्ती केली. चित्रपटात वापरल्या गेलेल्या गीताचे व संगीताचे इतरत्र जे उपयोग होतात, त्यांच्या मानधनात गीतकार व संगीतकार यांना समान वाटा मिळण्याची तरतूद तीद्वारे झाली. हा वाटा करारान्वये कंपनीस देऊन टाकण्यासही मर्यादा घालण्यात आली. गाण्याचे खरे मालक कोण, या जुन्या प्रश्नाला कायद्याने दिलेले ते उत्तर होते.

ध्वनिमुद्रिका घडविणाऱ्या व्यक्तीचे श्रेय मात्र कायद्यापेक्षा श्रोत्यांच्या जाणकारीवरच अधिक अवलंबून आहे. लंडनमधील डग्लस, कराचीत जन्मलेल्या नाझिया आणि भारतातील अलिशा यांची गाणी ऐकणाऱ्या फार थोड्यांना त्यामागे एकच व्यक्ती असल्याची कल्पना होती. अपरिचित आवाजातील शक्यता ओळखणे आणि त्या आवाजास साजेसा ठेका शोधणे, हे बिड्डू यांच्या कार्याचे सूत्र त्या तिन्ही गाण्यांत आजही स्पष्ट ऐकू येते.