क्रुसाच्या पायाशी कमळ

विठ्ठलवाडीहून कल्याण लोकलने एकाच स्टेशनावर. त्या कल्याणात सहाव्या शतकात ख्रिस्ती बिशप होता आणि त्याची नेमणूक इराणातून होत असे, अशी नोंद कॉस्मस इंडिकोप्लेउस्टस या ग्रीक व्यापाऱ्याने करून ठेवली आहे. त्याचे ‘कॅलियाना’ म्हणजे हेच कल्याण, असे बहुतेक अभ्यासक मानतात. वसई पोर्तुगीजांच्या हाती गेली 1534 मध्ये, म्हणजे त्यानंतर सुमारे हजार वर्षांनी. म्हणून या भागातल्या क्रुसाची गोष्ट पोर्तुगीजांपासून सुरू केली, तर ती अर्धीच राहते.

पूर्वेकडच्या परंपरेचा क्रूस कल्याणात आजही भेटतो. सिरो-मलबार पंथाचा कल्याण धर्मप्रांत 1988 मध्ये स्थापन झाला. त्यातली बहुतेक कुटुंबे मूळची केरळची. त्यांचा ‘मार थोमा स्लीवा’ नीट पाहावा. त्यावर ख्रिस्ताची मूर्ती नसते, कारण हा क्रूस पुनरुत्थानाचा. चारही टोके कळीसारखी उमलती, वर खाली झेपावणारे कबूतर म्हणजे पवित्र आत्मा, आणि पायाशी कमळ. चेन्नईजवळच्या सेंट थॉमस माउंटवर 1547 मध्ये सापडलेला असा क्रूस दगडी आहे, त्यावरचा लेख पहलवी लिपीत आहे. केरळचे कारागीर हाच घाट आता लाकडात कोरतात.

वसई, वांद्रे, ठाणे इकडचा क्रूस वेगळे बोलतो. तो दुःखसहनाची कथा सांगतो. खांबावर हातोडा, खिळे, पकड, भाला कोरलेला असतो. शिडी असते, ती मृतदेह खाली उतरवण्याची. फासे असतात, कारण शिपायांनी ख्रिस्ताच्या झग्यासाठी चिठ्ठ्या टाकल्या होत्या. आणि एक कोंबडा! तो आरवण्याआधी पेत्राने आपल्या गुरूला तीनदा नाकारले होते. पायाशी कवटी दिसली, तर ती गोलगोथाची, म्हणजे ‘कवटीच्या जागे’ची खूण, आदमाला तिथेच पुरले, अशी जुनी समजूत आहे. अक्षरओळख नसलेल्या शेतकऱ्याला, कोळ्याला सगळे शुभवर्तमान या एका खांबावर वाचता येत असे. एवढी दाट कथा इतक्या थोड्या जागेत मांडणारी लोककला विरळाच.

लाकडात हे काम जोखमीचे. उभ्या आणि आडव्या तुकड्याला निम्म्या जाडीची खाच पाडून ते एकमेकांत बसवतात; सांधा ढिला राहिला तर पावसाळ्यात तिथेच पाणी मुरते. कोंबड्याचा तुरा लाकडाच्या रेषांना आडवा कोरताना पटाशी जरा जास्त लागली की टवका उडतो. म्हणून जुने सागवान लागते.

अर्थात कोरीवकाम म्हणजे सर्वस्व नव्हे. जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रलमधला ‘चमत्कारांचा क्रूस’ अगदी साधा, ओबडधोबड लाकडाचा आहे. 1619 मध्ये त्यावर ख्रिस्ताचे दर्शन घडले, या श्रद्धेने आजही माणसे त्याच्यापुढे गुडघे टेकतात.

मे महिन्यात गावोगावी क्रुसापाशी रोझरी होते, त्याआधी रंगरंगोटी निघते. ऑइलपेंटचे थरावर थर चढले की फासे आणि चोच बुजून जातात. या वर्षी नवा हात देण्याआधी जुना रंग हलक्या हाताने काढून घ्या. घासायचे मशीन मात्र लावू नका.