ऑग्डेन, विल्यम बटलर

(१५ जून १८०५–३ ऑगस्ट १८७७). अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील शिकागो शहराचा पहिला महापौर, भूविकासक व रेल्वे-उद्योजक. जन्म न्यूयॉर्क राज्यातील वॉल्टन येथे. तरुणपणीच कौटुंबिक व्यवसायाची जबाबदारी त्याच्यावर येऊन पडली. १८३४ मध्ये तो न्यूयॉर्क राज्य विधिमंडळावर निवडून आला. तेथे त्याने न्यूयॉर्क–ईअरी लोहमार्गाचा पुरस्कार केला.

त्याचा मेहुणा चार्ल्स बटलर याने शिकागो येथे १ लाख डॉलरची जमीन घेतली होती. तिची व्यवस्था पाहण्यासाठी ऑग्डेन १८३५ मध्ये तेथे गेला. दलदलीची ती जमीन पाहून प्रथम त्याची निराशा झाली. तथापि तीपैकी सु. एकतृतीयांश विकून त्याने मूळ रक्कम वसूल केली. १८३३ च्या तहान्वये पोटॉवाटमी या आदिवासी जमातीला या प्रदेशावरील हक्क सोडावे लागले होते. शिकागोतील जमिनीच्या तेजीमागे हे विस्थापनही होते, हे ध्यानात घेणे आवश्यक आहे.

१८३७ मध्ये शिकागोला नगराचा दर्जा मिळाला, तेव्हा तेथील लोकवस्ती सु. ४,००० होती. जॉन किंझी याचा पराभव करून ऑग्डेन महापौर झाला. त्याच वर्षी देशभर आर्थिक अरिष्ट ओढवून जमिनीचे भाव कोसळले. ऋणकोंनी कर्जवसुली थांबविण्याची मागणी केली. ऑग्डेनने तीस विरोध केला. नव्या शहराची पत गेल्यास पुढे भांडवल मिळणार नाही, अशी त्याची भूमिका होती.

जमिनीचे मूल्य दळणवळणावर अवलंबून असते, हे त्याने ओळखले. गलीना अँड शिकागो युनियन या रेल्वेसाठी बाहेरचे भांडवल मिळेना, तेव्हा नियोजित मार्गावरील शेतकऱ्यांना भाग विकून त्याने पैसा उभा केला. १८४८ मध्ये या मार्गावर गाडी धावू लागली व शेतकऱ्यांचा गहू शिकागोच्या बाजारात येऊ लागला. पुढे तो शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेचा (१८५९–६८) व १८६२ मध्ये युनियन पॅसिफिक रेल्वेचा पहिला अध्यक्ष झाला. रश वैद्यकीय महाविद्यालयाच्या विश्वस्त मंडळाचाही तो पहिला अध्यक्ष होता.

८ ऑक्टोबर १८७१ रोजी शिकागोत आग लागून त्याचे राहते घर व बरीच मालमत्ता भस्मसात झाली. त्याच रात्री विस्कॉन्सिनमधील पेश्टिगो हे गाव वणव्यात सापडले व तेथील त्याचे लाकूड-कारखानेही जळाले. त्या वणव्यात हजाराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली.

न्यूयॉर्क येथे तो मरण पावला. १८७० पर्यंत शिकागोची लोकसंख्या सु. ३ लाखांवर गेली होती. या वाढीतून त्याला प्रचंड संपत्ती मिळाली. मात्र केवळ भाववाढीची वाट न पाहता मालवाहतुकीची साधने उभारून त्याने त्या वाढीला हातभार लावला, हे त्याचे वैशिष्ट्य होय.