एका लाइनवर दोन रोहित्रं

सकाळी 6:30
बेलवलीतल्या काकूंचा फोन. "अरे, दिवा नुसता मिणमिणतोय, फ्रिज घुरघुरतोय. शेजारी मात्र लख्ख उजेड आहे!" ऐकताच कळलं, वर 22 केव्हीचा एक डीओ फ्यूज उडाला असणार. आपल्या डीपीत वरचं वाइंडिंग डेल्टा आणि खालचं स्टार असतं. वरची एक फेज गेली की एका वाइंडिंगला पूर्ण व्होल्टेज मिळतं, बाकीची दोन सिरीजमध्ये येऊन अर्धं-अर्धं वाटून घेतात. "काकू, फ्रिज आणि पंप लगेच बंद करा, मोटार जळेल. मग तक्रार नोंदवा," असं सांगितलं.

सकाळी 9:00
आजचं काम एका गृहसंकुलात. आवारात जुनं 200 केव्हीएचं रोहित्र आहे, शेजारी तेवढ्याच क्षमतेचं नवं बसवलंय. शटडाऊनचं परमिट हातात आल्यावरच कामाला हात. एबी स्विच उघडला, कुलूप लावलं, तिन्ही तारांना डिस्चार्ज रॉड लावून अर्थ केल्या. जनरेटरचाही मेन स्विच काढून घेतला. खालून 433 व्होल्ट शिरले तर तेच रोहित्र वर पुन्हा 22 हजार तयार करतं. खांबावर चढलेल्या माणसाचा जीव त्या एका स्विचवर असतो.

सकाळी 10:30
नेमप्लेट पुसून वाचली. नव्यावर डीवायएन-11, जुन्यावर वायवायएन-0. म्हणजे नव्याच्या खालच्या बाजूचं व्होल्टेज वरच्यापेक्षा 30 अंश पुढे, जुन्याचं वरच्याच्या बरोबर. सोसायटीच्या सेक्रेटरींनी विचारलं, "लाइन एकच आहे ना? मग खालून दोन्ही जोडून टाका, भार वाटला जाईल." एका लाइनवर अशी दोन वेगळी रोहित्रं खुशाल चालतात. अडचण त्यांची खालची टोकं एकमेकांना भेटली की सुरू होते.

दुपारी 1:00
डबा खाताना मदतनीस पोराला अमेरिकेतल्या लाइनींबद्दल सांगितलं. तिथे बहुतेक ठिकाणी फेजबरोबर अर्थ केलेल्या न्यूट्रलची तारही धावते, म्हणून स्टार प्रायमरी सर्रास दिसते. आपल्या 22 केव्हीला तीनच तारा. इथे कुणी स्टार प्रायमरीचा न्यूट्रल जमिनीला जोडला, तर लाइनवर अर्थ फॉल्ट झाल्यावर करंटला दुसरी वाट मिळते आणि सबस्टेशनच्या रिलेला फॉल्ट पूर्ण दिसत नाही. तुटून पडलेली तार जिवंत राहण्याचा धोका त्यातूनच येतो. आपल्या जुन्याचं वरचं वाइंडिंगही स्टारच, म्हणून त्याचा वरचा न्यूट्रल आम्ही मोकळाच ठेवला.

दुपारी 2:30
माणसं बाजूला केली, अर्थ काढले, परमिट परत दिलं आणि दोन्ही रोहित्रं वरून चार्ज केली. खालचे ब्रेकर उघडेच, फक्त न्यूट्रल एकत्र. मग मीटर घेऊन एकाच्या प्रत्येक फेजपासून दुसऱ्याच्या प्रत्येक फेजपर्यंत मोजत गेलो. आर ते आर साधारण 129 व्होल्ट. इतर जोड्यांत कुठे 354, कुठे 483. नऊ जोड्यांत एकही शून्य नाही. जोडता येण्यासारखी रोहित्रं असती, तर तीन जोड्यांत काटा शून्याजवळ आला असता.

सेक्रेटरींना आकडा दाखवला. दोन्हींचा इंपीडन्स पाच-पाच टक्के धरला, तर या 129 व्होल्टमुळे पूर्ण भाराच्या पाचपट करंट, म्हणजे 1300 अँपिअरहून जास्त, दोघांमध्येच फिरत राहील. एकही दिवा न लावता वाइंडिंग भाजून निघेल. डीवायएन-1 आणि डीवायएन-11 असती, तर एकाच्या वर आणि खाली दोन-दोन फेजची अदलाबदल करून जुळवता आली असती. इथला 30 अंशांचा फरक अशा कुठल्याच अदलाबदलीने मिटत नाही.

संध्याकाळी 5:00
भार विभागला. घरांचा सिंगल फेज भार नव्यावर, कारण डेल्टा असमतोल सहज पेलतं. जुन्यात वरचा न्यूट्रल मोकळा असल्याने असमतोल भाराने खालचा न्यूट्रल सरकतो आणि एका फेजला व्होल्टेज वाढतं. म्हणून त्यावर फक्त पंप आणि लिफ्टच्या थ्री फेज मोटारी. दोन इनकमर आणि मधला कपलर यांना तीन कुलुपं लावली, किल्ल्या मात्र दोनच ठेवल्या. एक इनकमर बंद करून किल्ली काढल्याशिवाय कपलर लागतच नाही.

संध्याकाळी 6:30
जुन्या टाकीवर रंगाने लिहून घेतलं: 'वायवायएन-0. दुसऱ्या रोहित्राला समांतर जोडू नये.' तेच पॅनेलच्या दारावर आणि सोसायटीच्या रजिस्टरमध्येही. उद्या इथे दुसरा वायरमन येईल; लाल, पिवळ्या, निळ्या टेपकडे पाहून त्याला सगळं जुळलेलं वाटेल. नेमप्लेट वाचायची आणि मीटर लावायचा, ही सवय आपल्या धंद्यात प्रत्येक शिकाऊ मुलाला पहिल्याच आठवड्यात लावली पाहिजे.